रेडिओच्या वहीतले ‘व इतर’

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि मी रागावलेली आहे. वह्या सहसा रागावत नाहीत. कुणी आमचा कोपरा दुमडतो, कुणी शाई सांडतो, कुणी मधले पान फाडून त्याची होडी करतो, तरी आम्ही गप्प बसतो. मीही पुष्कळ वर्षे गप्प बसले. आज मात्र मी सगळे सांगणार आहे आणि मधे कुणी ‘जाऊ दे ना’ म्हणू नये. ‘जाऊ दे’ ऐकून ऐकूनच माझी पाने पिवळी पडली आहेत.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला कळू लागले ते धुळ्याला, पाचकंदिलाजवळच्या एका दुकानात. सहाशे पाने, जाड पुठ्ठा आणि पाठीला लाल कापड, असा माझा थाट होता. एकोणीसशे एक्क्याऐंशी साली, पोळ्याच्या आधी, झुलालभाऊंनी मला विकत घेतले. इतर गिऱ्हाइके पुठ्ठा वाकवून पाहतात. यांनी मला नाकाशी धरून वास घेतला.

“माले रेडिओनी वही करनी शे,” ते म्हणाले.

“रेडिओला सेल लागतात भाऊ,” दुकानदार हसला. “वही कशाला?”

झुलालभाऊ पैसे मोजत राहिले. मी मात्र त्या क्षणी फुलून गेले. माझ्याबरोबरच्या वह्यांच्या नशिबी उधारी नाहीतर शुद्धलेखन होते. मला रेडिओ मिळणार होता.

पांझरेच्या काठचे आमचे गाव लहान. झुलालभाऊंचे घर मारुतीच्या देवळामागे, पुढे रुंद ओटा. चामड्याच्या तपकिरी कपड्यातला त्यांचा रेडिओ खुंटीला टांगलेला असे. सेल उतरले की ते घराच्या सपाट धाब्यावर उन्हात वाळत घालायचे, मग ते आणखी दोन दिवस चालायचे. शेतात जाताना रेडिओ बैलगाडीच्या साटीला अडकवलेला असे. संध्याकाळी हातपाय धुतले की झुलालभाऊ मला मांडीवर घेत आणि त्या दिवशी जे जे ऐकले ते माझ्यात उतरवून काढत.

काय सांगू तुम्हाला, काय काय लिहिले आहे माझ्यात! कोणते केंद्र, किती वाजता, निवेदक कोण, कोणते गाणे कोणाच्या फर्माइशीवर लागले. आवाजाला ते पाचपैकी गुण देत. “इंदूर, पाचपैकी तीन. जळगाव, पाचपैकी पाच. सिलोन, पाचपैकी दोन, समुद्राची खरखर.” समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण खरखर झाली की तो समुद्रच, हे त्यांनी ठरवून टाकले होते. चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सगळ्या देशात शोक होता. त्या पानावर एकच ओळ आहे: “आज गाणी नाहीत. दिवसभर सारंगी.” ते पान मी आजही जपून ठेवले आहे.

ज्यांना शेताच्या कामात रेडिओ ऐकता येत नसे, ते दिवेलागणीला आमच्या ओट्यावर येत. लोटननाना तर रोजचे. ते टपाल वाटत, त्यामुळे अख्ख्या गावाची नावे त्यांना पाठ.

“काय झुलाल, कपाशीवर काय सांगं आज रेडिओनी?” ते पायरी चढतानाच विचारत.

मग झुलालभाऊ मला उघडून मोठ्याने वाचत. कपाशीवरची फवारणी, बातम्या, श्रुतिकेत कोण मेले, कोण परत आले, सगळे. लोक हसत, वाद घालत, मागच्या आठवड्याचे पान काढायला लावत. मित्रांनो, आवाज हवेत विरून जातो. आमच्या गावात तो विरत नव्हता, कारण मी होते. मला त्याचा फार अभिमान होता. तेव्हा मला राग हा शब्द माहीत नव्हता.

आता रागाकडे येते.

झुलालभाऊंना पोस्टकार्डे लिहायचा नाद होता. केंद्रांना ते पत्रे पाठवत आणि निवेदक त्यांचे नाव घेत. ज्या दिवशी नाव येई त्या दिवशी माझ्यात लाल शाई उतरे: “आज माझे नाव वाचले. झुलाल वना पाटील.” शहाऐंशीच्या श्रावणापर्यंत अशा लाल ओळी माझ्यात एक्केचाळीस झाल्या होत्या. मी तक्रार करत नव्हते. माणसाला आपले नाव ऐकावेसे वाटणारच. शेजारच्या गावातून लोक सायकलीवर बसून सांगायला येत, “झुलालभाऊ, तुमचं नाव आलं बरं का!” आणि झुलालभाऊ, आपल्याला जणू माहीतच नाही, असा चेहरा करत.

त्याच घरात कमलबाई होत्या. झुलालभाऊंच्या पत्नी आणि त्यांच्या मुलाची, भटूची, आई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण त्यांचा गळा असा होता की जात्यावर बसल्या की गल्लीतल्या बाया हातातले काम तसेच ठेवून दाराशी उभ्या राहत. श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशची देवी, बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, तिला नवरीसारखी नटवायची आणि रविवारी तिच्यापुढे गाणी म्हणायची. कमलबाईंनी उचलल्याशिवाय आमच्या गल्लीत कानबाईचे गाणे सुरू होत नसे. त्यांची गाणी त्यांच्या आईची, साक्रीकडची. तशी दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

शहाऐंशीच्या श्रावणात झुलालभाऊंनी एका केंद्राला पत्र लिहिले, “आमच्या गावी कानबाईची जुनी गाणी आहेत, येऊन ध्वनिमुद्रण करावे.” आणि खरोखर गाडी आली! केंद्राचे नाव मी घेत नाही. रागाच्या भरात कुणाचे नाव घेऊ नये, एवढे मला कळते.

रविवारची दुपार होती. गाडीतून आलेल्या साहेबांनी कानबाईपुढे यंत्र मांडले, माइक कमलबाईंच्या पुढ्यात ठेवला. पुष्पाबाई, म्हणजे थोरल्या जाऊ, आणि शेजारच्या बेबाबाई मागे बसल्या. कमलबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, डोळे मिटले आणि गाणे उचलले. मी खिडकीत होते. रेडिओवर मी पाच वर्षे गाणी ऐकत आले होते, पण त्या दिवशी कळले की मधे खरखर नसली म्हणजे गाणे काय असते. साहेबांनी यंत्राची चकती थांबवली तरी बाहेर उभे असलेले लोक हलले नाहीत.

मग साहेबांनी कागद काढला. “गाणाऱ्यांची नावे सांगा.”

“पुष्पाबाई, बेबाबाई,” झुलालभाऊंनी सांगितले आणि ते थांबले.

“आणि ज्या पुढे गात होत्या त्या?”

झुलालभाऊ ओशाळे हसले. “ती भटूनी माय शे.”

मित्रांनो, आमच्याकडे नवरा बायकोचे नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचे घेत नाही. मी ती रीत पाहिलेली आहे. पण रीतीतच त्याची वाटही असते. नाव हवे असले की शेजारी बसलेल्याला म्हणायचे, ‘तू सांग बरं.’ लोटननाना तिथेच, हाताच्या अंतरावर बसले होते. गावातले प्रत्येक नाव तोंडपाठ असलेला माणूस! एक शब्द म्हणायचा होता: “नाना, तुम्ही सांगा.” झुलालभाऊंनी तो म्हटला नाही. का? कारण ते साहेबांच्या कागदावर वाकून स्वतःचे नाव नीट लिहिले आहे की नाही ते पाहत होते. “झुलालमधला झ,” ते म्हणाले, “झाडातला झ.”

कमलबाई स्वतः का बोलल्या नाहीत, असे तुम्ही विचाराल. ओट्यावर त्यांचे सासरे वनाआबा बसले होते आणि आबांसमोर सुनेने तोंड उघडायची सोय नव्हती. गाणे चालत होते, बोलणे चालत नव्हते. साहेबांना धुळे गाठायचे होते. त्यांनी कागदावर काहीतरी खरडले आणि यंत्र मिटले.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता गाणे लागले. ओटा भरून गेला होता. कमलबाई चुलीपुढे होत्या. आपला आवाज ऐकून त्या भाकरी तव्यावर तशीच टाकून उंबऱ्यापर्यंत आल्या. हाताला पीठ होते. गाणे संपले आणि निवेदकाने सांगितले, “गाणाऱ्या होत्या पुष्पाबाई, बेबाबाई व इतर. या ध्वनिमुद्रणासाठी साहाय्य केले श्री. झुलाल वना पाटील यांनी.”

ओट्यावर टाळ्या पडल्या. लोटननानांनी झुलालभाऊंच्या पाठीवर थाप मारली. आत तवा धुरावला होता. कमलबाई परत जाऊन बसल्या आणि करपलेली भाकरी त्यांनी उलटली. ती भाकरी त्यांनी कुणाला वाढली नाही, स्वतःच खाल्ली.

आणि माझ्यात काय लिहिले गेले? “कानबाईची गाणी. आवाज पाचपैकी पाच. गाणाऱ्या: पुष्पाबाई, बेबाबाई व इतर.” त्याखाली लाल शाईने: “आज माझे नाव वाचले.” बेचाळिसावे.

त्या शाईने माझे अंग भाजले. मी कागद आहे, मला बोलता येत नाही, लिहिता येत नाही. सगळे माझ्यात असते आणि त्यातले एक अक्षरही माझ्या हातचे नसते. नाहीतर मी त्या ‘इतर’वर शाईची दौत पालथी केली असती.

राग अधिक वाढला तो दुसऱ्या दिवशी. झुलालभाऊंनी कमलबाईंना जवळ बसवले आणि ते गाणे माझ्यात उतरवून घेतले. चार पाने. एक शब्द चुकू दिला नाही. “परत सांग, इथे काय शे?” असे तीन-तीनदा विचारले. त्यांना तो आवाज किती प्रिय होता हे त्यांच्या अक्षरात दिसत होते. इतके गोल अक्षर त्यांनी कधी काढले नव्हते. चार पाने लिहायला वेळ होता, पाच अक्षरांना नव्हता. वाईट माणसाने वाईट केले तर आपण सोडून देतो. चांगल्या माणसाने असे केले की जास्त राग येतो.

पुढे काय झाले ते सगळ्या जुन्या वस्तूंचे होते तेच. टीव्ही आला. ओट्यावरची माणसे आत, पडद्यापुढे बसू लागली. रेडिओला सेल आणायचे राहून जाऊ लागले. एकोणनव्वदच्या होळीला माझ्यात शेवटची ओळ पडली. त्यानंतर मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. मग एक दिवस टीव्हीच्या टेबलाचा एक पाय आखूड निघाला. भटूने माळ्यावर हात घातला, मी सापडले, आणि त्याने मला त्या पायाखाली सरकवले. सहाशे पानांत चौदा केंद्रे, शेकडो निवेदक, आठ वर्षांचा आवाज, आणि डोक्यावर टीव्हीचे टेबल! जो मला सरकवत होता त्याला वाचता येत होते, हे लक्षात घ्या. भटू तेव्हा दहावीला होता.

टेबलाखालून मला फक्त जमीन दिसे. पण जमिनीवर जे दिसले ते घरातल्या कुणी पाहिले नाही. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मारुतीच्या देवळात दुपारी बायांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. वनाआबा तोवर वारले होते. कमलबाई पुष्पाबाईंना घेऊन वर्गाला जाऊ लागल्या. घरी आल्या की सगळे निजलेले असताना त्या चुलीतली मूठभर राख जमिनीवर पसरत आणि बोटाने त्यावर काढत: क. म. ल. पुढे बा जमे, ई जमत नसे. वेलांटीसारखी काहीतरी रेघ काढून त्या थांबत आणि कुणाची चाहूल लागली की हाताने सगळे पुसून टाकत. ती ई जमायला त्यांना एक महिना लागला. जमली त्या दिवशी त्या एकट्याच हसल्या. मीही.

त्याच पावसाळ्यात पत्र आले. त्या केंद्राला जुन्या दिवसांवर एक स्मरणिका काढायची होती. जुन्या श्रोत्यांकडे काही नोंदी असतील तर पाहायला माणूस येईल, असे लिहिले होते. झुलालभाऊंनी टेबल उचलून मला ओढून काढले, धोतराच्या सोग्याने पुसले. टेबलाखाली कौलाचा तुकडा गेला. तोच तुकडा चार वर्षांपूर्वी सापडला नव्हता!

माणूस नाही, एक बाई आल्या. केंद्रातल्या अधिकारी. त्या ओट्यावर बसून मला दोन तास वाचत राहिल्या. चहा निवून गेला. “समुद्राची खरखर!” म्हणून खळखळून हसल्या, ‘दिवसभर सारंगी’ला थांबल्या. खूप वर्षांनी कुणीतरी मला पहिल्या पानापासून वाचत होते. मी क्षणभर राग विसरले, खोटे कशाला बोलू.

मग शहाऐंशीचा श्रावण आला आणि बाईंचा चेहरा उतरला.

“ही फीत आमच्याकडे नाही,” त्या म्हणाल्या. “तेव्हा फिती कमी असायच्या. हिच्यावर नंतर दुसरंच काही मुद्रित केलं. गाणं पुसलं गेलं.” त्यांनी चार पाने उलटली. “पण शब्द इथे आहेत! हे आम्ही छापतो. गाणाऱ्यांच्या नावासकट. पुष्पाबाई, बेबाबाई... आणि हे ‘इतर’ कोण?”

ओट्यावर लोटननाना होते, पुष्पाबाई होत्या. दाराशी दुसरा चहा घेऊन कमलबाई उभ्या होत्या. माझी सगळी पाने ताठ झाली. आता किंवा कधीच नाही. आवाज पुसला गेला होता. नावही राहून गेले तर त्या गाण्यावर कायमचे ‘पुष्पाबाई व इतर’ असे छापून येणार होते.

“मुख्य आवाज तुमचा का?” बाईंनी पुष्पाबाईंना विचारले.

“माय वं, नही!” पुष्पाबाईंनी कानाला हात लावला. “मी तं नुसती तिना मांगे म्हनू. गानं तिन्हंच शे.”

“तिचं म्हणजे कुणाचं?” बाईंचे पेन कागदावर टेकले होते. त्यांनी झुलालभाऊंकडे पाहिले.

सात वर्षे गेली होती. आबा नव्हते. घाई नव्हती. झुलालभाऊंनी घसा खाकरला. मी वाट पाहत होते. आणि ते तसेच ओशाळे हसले.

“ती... भटूनी माय.”

मला फाटून जावेसे वाटले.

“भटूच्या आईला नाव असेल ना, भाऊ?”

“शे ना. पन आमनामा घरनं नाव लेतस नही.” मग त्यांना वाट आठवली. सात वर्षे उशिरा! “नाना, तुम्ही सांगा.”

लोटननानांनी तोंड उघडले.

“नाना, तुम्ही ऱ्हाऊ द्या,” कमलबाई म्हणाल्या.

त्यांनी चहा खाली ठेवला. त्या आल्या, बाईंच्या मांडीवरून मला उचलून त्यांनी जमिनीवर ठेवले आणि समोर बसल्या. बाईंच्या हातातले पेन त्यांनी न विचारता घेतले. पदर डोक्यावरून मागे सरकला, तो त्यांनी पुढे ओढला नाही.

“सात वरीस व्हयनात,” त्या झुलालभाऊंकडे न पाहता बोलल्या. “भाकर थापतांना मन्हा कानमा तो ‘इतर’ वाजी राह्यना. तुमनं नाव बेचाळीस डाव लिखं. मी मोजेल शे. लाल रेघा तं अडानीलेबी मोजता येतस.”

कमलबाईंनी ‘व इतर’वर आडवी रेघ मारली. एकदा मारून समाधान झाले नाही म्हणून परत मारली. मग पुष्पाबाईंच्या नावाच्या आधी, समासात, त्यांनी एकेक अक्षर काढले. राखेवर बोट हलके फिरते, पेनाची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ते नांगरासारखे दाबून धरले होते. क. म. ल. बा. आणि ई. मला दुखले, आणि त्या दुखण्याने मला जे वाटले ते आठ वर्षांत कोणत्याही गोल अक्षराने वाटले नव्हते.

त्यांनी मला उचलून झुलालभाऊंच्या हातात दिले.

“तुम्ही नाव लेऊ नका,” त्या म्हणाल्या. “मी लिखेल शे. तुम्ही नुसतं वाचा. रोज वाचेत ना लोकेसले? आज बी वाचा.”

झुलालभाऊंनी मला मांडीवर घेतले. लोटननाना खाली पाहत होते. मग त्याच ओट्यावर, ज्या आवाजात पूर्वी फवारण्या आणि श्रुतिका वाचत त्याच आवाजात, ते वाचू लागले. “कानबाईची गाणी. आवाज पाचपैकी पाच. गाणाऱ्या:” इथे त्यांनी वर पाहिले. कमलबाई समोरून हलल्या नाहीत.

“कमलबाई,” झुलालभाऊंनी वाचले. “पुष्पाबाई. बेबाबाई.”

बाईंनी लिहून घेतले. कमलबाई उठल्या आणि गार झालेला चहा परत तापवायला घेऊन गेल्या.

मित्रांनो, मला आता देव्हाऱ्याजवळच्या फळीवर जागा मिळाली आहे. स्मरणिकेचीही एक प्रत शेजारी आहे, तिच्यात नाव बरोबर छापले आहे. झुलालभाऊ कधी कधी मला काढून पाहतात. तरी माझा राग गेलेला नाही आणि तो जाऊ नये असे मला वाटते. जुन्या वह्या जपा, रेडिओ जपा, टेबलाखाली कौलाचा तुकडा घाला, हे तर मी सांगेनच. पण नुसते जपून भागत नाही. मी इतकी वर्षे जपत होते ते चुकीचे होते. तुमच्या घरात एखादी वही असेल, कुणाच्या हस्ताक्षरातली असेल, तर ती उघडा आणि तिच्यात ‘व इतर’ कुठे आहे ते शोधा. ती माणसे जिवंत आहेत तोवर त्यांना विचारा.

आणि कधी आमच्या गावी आलात तर मला हातात घ्या. कमलबाईंनी लिहिलेले पान उलटा. त्यामागच्या तीन पानांवर त्या पेनाची शाई नाही, पण समासात बोट फिरवलेत तर दाबून लिहिलेले त्यांचे नाव बोटाला लागते.